दोन पेडल आणि गुडघ्याची दांडी

३ मार्च, सोमवार

आज ती घरी आली. जिन्यावरून वर आणायला तीन माणसं लागली. दोन हमाल आणि तिसरा मी. मी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतो.

पेडल स्टील गिटार! वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी! जुन्या वाद्यांच्या दुकानात एका कपाटाखाली कित्येक वर्षं पडून होती. दिसायला टेबलासारखी, चार पायांची. वर दहा तारा आडव्या ताणलेल्या. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या घालून तारा छेडायच्या. डाव्या पायाशी पेडल असतात. ती दाबली की खालच्या सळया तारा ताणतात आणि सूर चढतो. उजव्या गुडघ्याशी एक दांडी लोंबते. ती गुडघ्यानं बाजूला ढकलली की सूर अर्धी पायरी उतरतो. उजवा पाय मोकळा राहील असं वाटेल, पण त्याच्याखालीही आवाज लहानमोठा करायचं एक पेडल असतं. सगळं शरीर कामाला लागतं. रिकामं राहतं ते फक्त मन. आणि कवीला आणखी काय हवं?

लोकांकडच्या गिटारींना आठ-आठ पेडल आणि पाच-पाच दांड्या असतात. माझ्या गिटारीला दोन पेडल आणि एक दांडी. बाकीच्यांची नुसती भोकं आहेत. दुकानदार म्हणाला, "आधीच्या मालकानं काढून टाकली सगळी." मी म्हटलं, संन्यस्त वृत्तीचा माणूस असणार.

ही, म्हणजे माझी बायको, कमरेवर हात ठेवून बघत होती. "सवत आणलीत ती आणलीत, निदान चार पायांची तरी नको होती," म्हणाली. मग खाली बसून तिनं गिटारीच्या पोटात डोकं घातलं. चाळीस वर्षं ही तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या मशीनवर होती. "अहो, ही दांडी तर आमच्या मशीनला असायची! गुडघ्यानं ढकलली की सुईजवळचा दाब उचलायचा आणि कापड सुटायचं. अगदी हीच." आणि तिनं एका तारेकडे बोट नेलं.

मी तिथंच थांबवलं. म्हटलं, "हे शिलाईचं मशीन नव्हे. हात लावू नकोस."

"बरं," म्हणाली. हिचं "बरं" फार छोटं असतं.

४ मार्च

नाव सुचलं. दोन पेडल, एक दांडी आणि माझा उजवा गुडघा, जो निम्माच चालतो. एकूण साडेतीन. म्हणजे ओवीचे साडेतीन चरण! पाचवीच्या वर्गात गुरुजी छडीनं ठेका धरून ओव्या म्हणून घेत, त्या खिडकीतून येणारं ऊन आठवलं आणि डोळे भरून आले. गिटारीचं नाव "ओवी" ठेवलं. हिला सांगितलं. ही म्हणाली, "गुडघ्याला तेल लावून ठेवलंय, ते आधी घ्या."

९ मार्च, रविवार

आता मूळ गोष्ट लिहितो, कारण या वहीशी तरी खोटं बोलू नये.

गावातला जुना हॉल दुरुस्त होऊन सत्तावीस एप्रिलला पुन्हा उघडणार आहे. त्या दिवशी आमच्या वेळचा वाद्यवृंद तिथं वाजवणार. म्हणजे त्यातले उरलेले. बँडमास्तर आता एक्याऐंशीचे आहेत, पण हातातली काठी तीच. सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये त्या संथ गाण्याची सुरुवात माझ्याकडे होती. पहिली आठ आवर्तनं एकट्या स्टील गिटारीची. तेव्हा माझ्याकडे मांडीवर ठेवायची साधी गिटार होती. आठव्या आवर्तनाच्या शेवटी एक सूर अर्धी पायरी खाली उतरून विसावतो, की गायिका उचलते. माझा उतरला नाही. घसरला. गायिकेनं उचललाच नाही. मास्तर विंगेत सर्वांसमोर म्हणाले, "तुम्ही कविता करा हो. वाजवू नका."

त्या दिवसापासून मी कविता केल्या. किती केल्या, ते कोणी विचारावं तरी.

तर तीच खुर्ची पुन्हा रिकामी आहे. उमेदवार दोन. मी आणि गावातले दंतवैद्य.

१५ मार्च, शनिवार

दंतवैद्य येऊन गेले. निवृत्त आहेत, पण अजूनही बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघतात. त्यांच्याकडे आठ पेडल आणि पाच दांड्यांची नवी गिटार आहे. ओवीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "काय हो कवी, बाकीचे दात पडले का हिचे?"

मी शांतपणे म्हटलं, "डॉक्टर, तुमचं शार्दूलविक्रीडित आहे. एका ओळीला एकोणीस अक्षरं. अक्षरं जास्त झाली की माणूस भरताड करतो. माझ्याजवळ थोडं आहे, म्हणून मला प्रत्येक सुराचा विचार करावा लागतो."

"विचार ऐकू येतोय खालपर्यंत," ही आतून म्हणाली.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी खरोखरच आल्या होत्या. सकाळच्या माझ्या सरावाविषयी. "भाऊजी, काही जड सामान सरकवताय का रोज? मदतीला पाठवू का कुणाला?" संगीताचा कान नसणं हा काही गुन्हा नाही.

हिचं म्हणणं, आवाजाचं पेडल मी सायकलीत हवा भरल्यासारखं मारतो. "अहो, पाय आपटू नका. मशीनला मोटर असली म्हणून काय झालं, पाय हळूहळूच द्यायचा असतो. नाहीतर धागा तुटतो." मी तिला समजावलं की सूर म्हणजे धागा नव्हे. त्यावर "बरं."

२१ मार्च, शुक्रवार

तीन विलक्षण गोष्टी.

एक: माझं फिरतं स्टूल रोज सकाळी खाली गेलेलं असतं. बरोबर दोन बोटं. मी ते फिरवून वर घेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. हिला विचारलं. म्हणाली, "वय झालं त्याचं. खचतंय." गुडघ्याची दांडीही किंचित आत वळलेली सापडते. धातूही हवेनं आकसतो, हे विज्ञानाच्या तासाला शिकलो होतो.

दोन: तारांखालच्या घरं आखलेल्या पट्टीवर निळ्या खडूच्या बारीक खुणा दिसल्या. एक तिसऱ्या घरावर, एक आठव्यावर, एक दहाव्याच्या जरा अलीकडे. त्यांवर कांडी ठेवली तर सूर चोख लागतो! आधीच्या मालकाच्या असणार. इतके दिवस उजेड त्या कोनातून पडत नव्हता. त्या अनोळखी संन्याशाला मनोमन नमस्कार केला.

तीन: खालच्या वहिनी जिन्यात भेटल्या आणि चक्क म्हणाल्या, "भाऊजी, काल दुपारी काय सुंदर वाजवत होतात हो! मी शिजत ठेवलेलं विसरले. सगळं करपलं." मी नम्रपणे मान झुकवली. सराव मी सकाळी करतो, पण बाईमाणूस कामाच्या गडबडीत असतं, सकाळ काय दुपार काय. शिवाय मला वाटतं, लाकूड सूर पिऊन ठेवतं आणि ऊन तापलं की हळूहळू सोडतं. यावर कविता होऊ शकेल.

२६ मार्च, बुधवार

सकाळी सराव. पेडल दोन्ही सांभाळली तर दांडी विसरते, दांडी आठवली तर कांडी घसरते. थोडा निराश झालो. जेवलो. कानातलं यंत्र डबीत ठेवून मागच्या खोलीत दोन ते चार गाढ झोपलो. शाळेच्या पटांगणाचं स्वप्न पडलं.

उठलो तर दाराच्या फटीतून आत सरकवलेली चिठ्ठी! मास्तरांचं अक्षर, अजूनही टोकदार:

"ऐकायला आलो होतो. जिन्यातच थांबलो. आत येऊन सूर मोडावासा वाटला नाही. सेहेचाळीस वर्षांपूर्वी माझी चूक झाली. खुर्ची तुमची."

चार वेळा वाचली. हिला मोठ्यानं वाचून दाखवली. ही सुईत दोरा ओवत होती. दोरा काही केल्या जाईना. "कोणाची चूक म्हणाले?" तिनं विचारलं. म्हटलं, "त्यांची! माझ्या बाबतीत!" तिनं दोरा दातांनी तोडला आणि नव्यानं ओवायला घेतला. तिला संगीतातलं फारसं कळत नाही, पण नवऱ्याचा मान कळतो.

चिठ्ठी या पानाला चिकटवून ठेवली आहे.

३० मार्च, रविवार

पहिली तालीम. मी सुरुवात वाजवली. मास्तरांनी काठी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "घरी वाजवता तसं वाजवा."

"अनोळखी खोली आहे," मी म्हटलं. "ओवी लाजते."

दंतवैद्य मागं बसले होते. "भूल द्यायची का?" म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार

तिसरी तालीम. मास्तर आता "घरी वाजवता तसं" हे शब्द दात आवळून म्हणतात. आज तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं नसतं तर एव्हाना तुम्हाला घरी पाठवलं असतं. त्या शेवटच्या सुराला तुम्ही असे काही उतरलात की या वयात माझ्या अंगावर काटा आला. तो सूर मला हॉलमध्ये हवाय. नाहीतर खुर्ची पुन्हा मागू नका. या जन्मात तरी."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही एकदम म्हणाली, "मग डॉक्टरांना बसवा म्हणावं. तुम्ही समोर बसून ऐका."

मला राग आला. म्हटलं, "तुला काय कळतंय यातलं? सेहेचाळीस वर्षं या खुर्चीसाठी मी झुरतोय. तुझं ठीक आहे, तू सरळ शिवणी घातल्यास जन्मभर."

"हो," म्हणाली. "सरळच घातल्या."

मग ती भांडी घासायला गेली. आज भांड्यांचा आवाज फार झाला. यंत्र काढून ठेवावं लागलं.

१९ एप्रिल

सराव. बरा झाला. की मी थकल्यामुळे बरा वाटला, कोण जाणे. रात्री पडल्या पडल्या एक शंका आली, की मी खरोखर वाईट तर वाजवत नाही ना? शंका लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

२६ एप्रिल, शनिवार

उद्या. ओवीची पेटी हीच भरते आहे. सळया काढायच्या, पाय काढायचे, सगळं उलट क्रमानं. मला वाकता येत नाही. उद्या जोडणारही हीच. तिचे हात न बघता फिरतात. म्हटलं, "तुला बरं सगळं ठाऊक?" म्हणाली, "मशीन उघडलं की मशीनच सांगतं."

२७ एप्रिल, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

हॉल भरलेला होता. पडद्यामागं हिनं ओवी जोडली, पाय लावले, दांडी कसली, स्टूल ठेवलं आणि विंगेत गेली. मास्तरांनी काठी उचलली. दिवे मंद झाले. शाळेच्या संमेलनात कविता म्हणायला उभा राहायचो तेव्हाचं ते काळीज पुन्हा धडधडलं.

सहा आवर्तनं बरी गेली. मला वाटतं बरी गेली. सातव्यात मास्तरांनी डोळे मिटले. आठवं आलं. शेवटचा सूर उतरवायला मी गुडघा बाजूला दिला आणि गुडघ्याला काही लागलंच नाही. दांडी जिथं असायला हवी तिथं नव्हती. मी गुडघा आणखी दिला. आणखी. तेवढ्यात स्टूल फिरलं.

सगळं स्टूल माझ्यासकट उजवीकडे फिरलं. मी आता श्रोत्यांकडे पाठ करून ढोलवाल्याकडे बघत होतो. कांडी हातातून सुटली, तारांवरून एक लांबलचक किंकाळी काढत गेली आणि मंचावरून गडगडत थेट पहिल्या रांगेत. तिथं दंतवैद्य बसले होते. त्यांनी ती उचलली, हातरुमालानं पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "निघाली एकदाची."

हॉल हसला. नवं छप्पर खरंच चांगलं घुमतं.

पुढचा भाग गायिकेनं गिटारीशिवाय सांभाळला.

येताना रिक्षात ही म्हणाली, "दांडी मी माझ्या मापानं लावली. सवयीनं. चुकलं माझं." मी म्हटलं, जाऊ दे. मग खूप वेळानं मनात आलं, तिच्या मापानं म्हणजे काय? पण तोवर घर आलं होतं.

२८ एप्रिल, सोमवार

मास्तर स्वतः आले. जिना चढून. बसले नाहीत. काठी टेकून एवढंच विचारलं, "मी त्या बुधवारी अडीच वाजता इथं जिन्यात उभा होतो. आत कोण वाजवत होतं?"

"मीच," मी म्हणालो. ही स्वयंपाकघरात होती.

मास्तरांनी टेकलेली काठी उचलली. "कविता चांगली करता," म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर वही काढली. सव्वीस मार्चचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: दोन ते चार गाढ झोपलो.

तास दोन तास विचार केला. एकच उत्तर सापडतं. मी झोपेत वाजवतो. ऐकलं आहे की मोठ्या प्रतिभेची माणसं झोपेत काय काय करून जातात. हिला विचारलं, "अगं, मी झोपेत उठून चालतो का गं?"

"जागेपणी जिना उतरायला सांगितलं तर अर्धा तास लावता," म्हणाली. "झोपेत कुठले चालता."

३० एप्रिल, बुधवार

आज खरं काय ते बघायचं ठरवलं. दोन वाजता मागच्या खोलीत आडवा झालो, पण कानातलं यंत्र काढलं नाही. डबी मात्र तिला ऐकू जाईल अशी वाजवून बंद केली. भिंतीकडे तोंड करून श्वास लांब लांब सोडू लागलो. म्हणजे मी झोपेत उठलोच तर मला कळावं.

मी उठलो नाही.

सव्वादोनला बाहेरच्या खोलीत स्टूल करकरलं. दोन वळसे. मग दांडीचा स्क्रू सैल होण्याचा आवाज. मग काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीतून सूर आला. तो सुरू कधी झाला ते कळलं नाही, इतका हळू पाय दिला होता. धागा न तुटता. पहिलं आवर्तन, दुसरं, तिसरं. तेच गाणं. दोनच पेडल, एकच दांडी. कुठंही काही कमी नव्हतं. मी मोजत होतो. पाठांतराला बसलेलं पोर मोजतं तसा.

आठव्याच्या शेवटी तो सूर उतरला. एखादी बाई आपल्याच घरचा जिना अंधारात उतरते, एकही पायरी न चाचपता, तसा. आणि विसावला.

मी भिंतीला तोंड लावून पडून राहिलो. एक ओळ सुचली होती. मी ती सोडून दिली.

चार वाजता खाकरत बाहेर आलो. ही फडक्यानं ओवी पुसत होती. निळ्या खडूचा तुकडा तिच्या पदराला अडकलेला होता.

"धूळ फार बसते हिच्यावर," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "रोज पुसत जा."

तिनं वर बघितलं. माझ्या कानाकडे. यंत्राकडे. फडकं हातातच राहिलं.

"तुम्हीच म्हणाला होता हात लावू नकोस म्हणून," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही झोपल्यावर लावावा."

"दांडी सवयीनंच लावलीस ना गं त्या दिवशी?"

ती फडक्याची घडी घालत राहिली. चार पदरी घडी, कडा जुळवून. "झोप झाली असेल तर चहा टाकते," म्हणाली.

४ मे, रविवार

मास्तरांकडे गेलो. त्यांना बुधवारी अडीच वाजता या म्हटलं. "आणि जिन्यात थांबू नका. आत या."

"तुम्ही कुठं असाल?"

"मी झोपलेला असेन," मी म्हटलं. मास्तर मोठ्यानं हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. झोप ही माझी एकच गोष्ट आहे जी कधी बेसूर झाली नाही.

या वहीतली चिठ्ठी वाफेवर धरून सोडवली आणि हिच्या शिवणाच्या डब्यात ठेवली. कागद थोडा फाटला. "सेहेचाळीस वर्षांपूर्वी माझी चूक झाली" हे वाक्य मात्र इथंच चिकटून राहिलं. राहू दे. इथं ते खपून जाईल.

१८ मे, रविवार

मास्तर आत बसून ऐकून गेले, आणि आज संध्याकाळी हॉलमध्ये तेच गाणं पुन्हा. दंतवैद्यांनी फोन करून चौकशी केली, "काय हो कवी, मी पहिल्या रांगेत बसू का मागं?" मी म्हटलं, पहिल्याच रांगेत बसा. या खेपेला तुमच्याकडे काही येणार नाही.

सकाळपासून हिचं लक्ष ठिकाणावर नाही. दोनदा भाजी जाळली. मग ओवीची पेटी उघडून एकेक सळई तेलाच्या फडक्यानं पुसत बसली. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो होतो. तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, आठव्या आवर्तनाला घाई करू नकोस, आणि सहज पहिल्या तारेकडे बोट नेलं.

"अहो," ती वर न बघता म्हणाली, "हे कविता करायचं टेबल नव्हे. हात लावू नका."

मी बोट मागं घेतलं.

"बरं," म्हणालो.